घडीचा फोन, मोठा फोन की छोटा टॅब: खाऱ्या वाऱ्यातला हिशोब

प्रश्न विचारणारे गृहस्थ गुहागरकडचे, वय एकावन्न. घरालगत तीन खोल्यांचा होमस्टे, मागे हापूसची पाऊणशे कलमं. हातात साडेसहा इंची फोन आहे, तीन वर्षं वापरलेला. चाळिशी लागल्यापासून सातबारा, बुकिंगची यादी, बँकेचं स्टेटमेंट फोनवर वाचताना डोळ्यांतून पाणी येतं म्हणतात. पुण्यातला मुलगा सांगतो, घडीचा फोन घ्या, पुस्तकासारखा उघडला की पडदा मोठा होतो, एकात दोन कामं. बायकोचं मत, आठ इंची टॅब घ्यावा. दुकानदार म्हणतो, आता जवळजवळ सात इंची फोन येतात, टॅब कशाला? आणि मला विचारलंय, "तुम्ही रत्नागिरीत इतकी वर्षं फोन उघडताय, तुमच्याकडे काय काय दुरुस्तीला येतं ते बघून सांगा."

बघूनच सांगतो. मोठा फोन घेऊ नका, त्यानं तुमची अडचण सुटत नाही. घडीच्या फोनानं सुटते, पण तुमच्या अंगणात तो टिकायचा नाही. सिमकार्डाचा साधा साडेआठ इंचांच्या आसपासचा टॅब घ्या आणि आहे त्याच फोनात नवी बॅटरी घाला. मुलगा नाराज होईल, म्हणून कारणं सविस्तर देतो.

आधी मोजपट्टी घ्या. खरंच घ्या, मुलांच्या कंपासपेटीतली चालेल. पडद्याचे इंच मोजतात ते एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरके. गेल्या काही वर्षांत फोन उंच झालेत, रुंद नाही. तुमचा साडेसहा इंची फोन आडवा मोजलात तर पडदा पावणेसात सेंटिमीटरच्या आसपास भरेल. दुकानदार दाखवतोय तो ६.९ इंची फोन भरेल सव्वासात-साडेसातच्या मध्ये. म्हणजे एवढे पैसे मोजून रुंदीत मिळाले पाच-सहा मिलिमीटर. शर्टाचं एक बटणसुद्धा त्यात मावत नाही!

आता सातबारा. महाभूमीवरून उतरवलेला डिजिटल सातबारा म्हणजे एफोर आकाराचा कागद, रुंदी २१ सेंटिमीटर. तो मोठ्या फोनच्या रुंदीत बसवला की मूळच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा होतो, म्हणजे १० पॉइंटचं अक्षर साडेतीन पॉइंटचं. ते पंचविशीतल्या पोरालाही जड जातं. मग आपण दोन बोटांनी फाकवतो, उजवीकडे सरकवतो, डावीकडे आणतो, आणि गट नंबर एका ओळीतला तर क्षेत्र दुसऱ्या ओळीतलं वाचून मोकळे होतो. ८.७ इंची टॅबची रुंदी सव्वाअकरा सेंटिमीटर. त्यावर तोच कागद निम्म्याहून थोडा मोठा दिसतो आणि पूर्ण पान एका नजरेत येतं. चष्मा लावून आरामात वाचता येतं.

घडीचा फोन इथे सरस आहे, हे मान्य करायलाच हवं. सॅमसंगचा २०२५ चा झेड फोल्ड ७ उघडल्यावर आठ इंची होतो, पण जवळजवळ चौकोनी. रुंदी साडेतेरा सेंटिमीटर. सातबारा रुंदीत बसवला तर अक्षर टॅबपेक्षाही मोठं, फक्त खालचा भाग बघायला पान सरकवावं लागतं. वाचायला, दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडायला, एकीकडे बुकिंगचा व्हॉट्सॲप आणि दुसरीकडे वही ठेवायला यासारखं दुसरं काही नाही. वजन २१५ ग्रॅम, म्हणजे मध्यम हापूस. टॅब तीनशे-सव्वातीनशे ग्रॅमचा, म्हणजे पेटीतला वरच्या थरातला मोठा हापूस, आणि तो खिशात राहत नाही. मुलाचं म्हणणं चुकीचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

सिनेमा-क्रिकेट बघायचं असेल तर मात्र चौकोनी पडदा फसवतो. आडव्या चित्राच्या वर-खाली काळे पट्टे येतात. मोठा फोन आडवा धरला की चित्र १३ सेंटिमीटर रुंद, घडीच्या फोनवर १५, टॅबवर १९. पावसाळ्यात संध्याकाळी पडवीत बसून मॅच बघणाऱ्यानं हे तीन आकडे बघावेत.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट.

घडीचा फोन मी स्वतः वापरलाय. एका गिऱ्हाइकाकडून जुना घेतला होता, कंपनीचं नाव सांगत नाही, कारण यात चूक कंपनीची नव्हतीच. रविवारी संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर गेलो, फोन उघडा करून मांडीवर ठेवला आणि भेळ खाल्ली. रत्नागिरीच्या त्या बाजूची पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, काळी आहे, भाट्याच्या किनाऱ्याची गोरी. घरी येऊन बघतो तर फोनच्या कडेला एका ठिकाणी मिशी फुटल्यासारखे बारीक काळे केस उभे! फुंकर मारली तर हलतात, पण सुटत नाहीत. तेव्हा उजेड पडला. घडीचा फोन मिटून राहावा म्हणून त्याच्या कडांना लोहचुंबक बसवलेले असतात, आणि आपल्या काळ्या पुळणीत इल्मेनाइटबरोबर मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिजही असतं. चुंबकानं ते उचलून घेतलं. मी फडक्यानं पुसलं आणि फोन मिटला. ते पुसणंच नडलं. दुसऱ्या दिवशी आतल्या पडद्यावर, घडीच्या रेघेपासून बोटभर अंतरावर, मांजरानं ओरबाडल्यासारखे तीन ओरखडे.

कारण साधं आहे. नेहमीच्या फोनची काच मोहस्‌च्या कठीणपणाच्या मापावर (आकडा मोठा तेवढी वस्तू कठीण) सहाच्या आसपास ओरखडते. घडीच्या आतल्या पडद्यातली काच केसाहून पातळ, आणि तिच्यावर प्लास्टिकचा थर. तो दोनलाच ओरखडतो, नखसुद्धा लागतं. वाळूतलं क्वार्ट्झ सात. मिटलेल्या फोनात एक कण अडकला की पडद्याचे दोन्ही भाग जात्याच्या दोन तळ्यांसारखे त्याला दळतात. दुरुस्तीत आतला पडदा म्हणजे अख्खा जोड बदलायचा, फक्त काच वेगळी करता येत नाही. ते काम मी करत नाही. रत्नागिरीतून आंबा घाट चढून कोल्हापूरला नाहीतर मुंबईला पाठवतो, आणि खर्चाचा आकडा सांगितल्यावर गिऱ्हाईक बराच वेळ बोलत नाही. टॅबची काच आणि टच मात्र मी इथेच बदलतो. माल हाताशी असेल तर सकाळी दिलेला संध्याकाळी परत.

"पण तो वॉटरप्रूफ आहे ना?" हे मुलगा नक्की विचारेल. खोक्यावर आयपी४८ लिहिलेलं असतं. त्यातला आठ पाण्याचा: दीड मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. चार धुळीचा, आणि त्याचा अर्थ एवढाच की एक मिलिमीटरहून मोठी वस्तू आत जाणार नाही. आपल्या पुळणीतले बहुतेक कण त्याहून बारीक असतात. २०२५ मध्ये गुगलनं आयपी६८ चा घडीचा फोन काढला, म्हणजे धूळ बिजागरीत शिरणार नाही. पण पडद्यावर बसलेल्या कणाचं काय? तो ओरखडणारच. बिजागरी पाच लाख वेळा उघडझाप सोसते, ही जाहिरातही खोटी नाही. दिवसाला शंभरदा उघडलात तरी तेरा वर्षं होतात. पण माझ्याकडे आलेले घडीचे फोन उघडझापीनं थकून आलेले नाहीत. एक वाळूनं, एक पडून, आणि एकाच्या वरचा प्लास्टिकचा थर घडीपाशी सुटला होता. मालकानं तो स्क्रीनगार्ड समजून नखानं ओढून काढला. हीच चूक २०१९ मध्ये सॅमसंगचा पहिला फोल्ड तपासायला घेतलेल्या पत्रकारांपैकी काहींनी केली होती, आणि कंपनीला विक्री एप्रिलवरून सप्टेंबरवर ढकलावी लागली. तेव्हा आमच्या मालकाला हसू नका.

आणि "गोडं पाणी" हा शब्द नीट वाचा. तिन्ही प्रकारांत एकही यंत्र समुद्राच्या पाण्यासाठी तपासलेलं नसतं. खारं पाणी वीज वाहून नेतं. ते चार्जिंगच्या तोंडात राहिलं आणि तुम्ही वर चार्जर लावलात की आतल्या पिना झिजायला लागतात. माझ्या भिंगाखाली अशी पोर्टं रोज असतात: काठाला हिरवट पावडर, आणि ज्या पिनांतून करंट येतो त्या आधी खाल्लेल्या. यासाठी फोन समुद्रात पडायला लागत नाही. किनाऱ्यावरच्या घरात खिडकीत चार्जिंगला लावून ठेवला आणि पावसाळी वारा येत राहिला तरी दोन-तीन वर्षांत पुरतं. स्क्रीनवर पोर्ट ओलं असल्याची सूचना आली की लोक ती बंद करून चार्जर रेटतात. रेटू नका. तोंड खाली करून हलकेच झटका, पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात तर मुळीच घालू नका, ॲपलनंसुद्धा तसं करू नका म्हणून सांगितलंय. पोर्टातून उकड्या तांदळाचा पिठूळ चुरा मी चिमट्यानं काढलाय. तांदूळ पेजेला ठेवा.

यावरून एक गोष्ट सांगतो जी दुकानात कुणी सांगत नाही: किनाऱ्यावर वायरलेस चार्जिंग ही चैन नाही. पोर्टाला हातच लागला नाही तर पोर्ट टिकतं. महागड्या मोठ्या फोनांत आणि घडीच्या फोनांत ते असतं. स्वस्त टॅबात नसतं, आयपॅड मिनीतही नसतं. इथे टॅब मार खातो. उपाय म्हणून टॅब खिडकीपासून लांब, आतल्या खोलीत चार्ज करा, आणि बाजारात रबरी बुचं मिळतात ती तोंडाला लावा. दिसायला गचाळ, पण चालतात.

टॅब आणखी एका ठिकाणी हरतो, उन्हात. साधे टॅब आणि ५०० निट्सचा (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) आयपॅड मिनी दुपारी बारा वाजता बागेत किंवा होडीत बाहेर काढलात की पडद्यावर स्वतःचं तोंड दिसतं. भारी फोन चार-पाच पट उजळ होतात. ई-पीक पाहणीचा, म्हणजे पिकाच्या सरकारी नोंदीचा, फोटो गटात उभं राहून काढायचा असतो, तिथे टॅब नेऊ नका. ते काम खिशातल्या फोनचं.

म्हणूनच मी विचारतो, हे यंत्र तुम्ही उघडणार कुठे? तुमच्या प्रश्नातलं वाचून मी यादी केली. सातबारा, स्टेटमेंट, बुकिंग, पाहुण्यांना खोल्यांचे फोटो दाखवणं, मुंबईच्या व्यापाऱ्याची पेट्यांची पट्टी तपासणं. यातलं एकही काम उभ्या-उभ्या होत नाही. सगळी ओटीवर, टेबलाशी, चष्मा लावून. बाहेर, स्कूटरवर, बागेत तुम्ही काय करता? फोन घेता, फोटो काढता, क्यूआर स्कॅन करता. त्याला साडेसहा इंच भरपूर झाले. दोन जागांची कामं दोन वेगळी आहेत. ती एका दीड-पावणेदोन लाखांच्या यंत्रात कोंबली की ते यंत्र पडेल, भिजेल, वाळूत जाईल त्या दिवशी दोन्ही कामं एकदम बंद. मे महिन्यात, खोल्या भरलेल्या असताना, आठ दिवस कोल्हापूरला गेलेला फोन काय महाग पडतो ते तुम्ही जाणता.

आता टॅब घेताना नेमकं काय बघायचं.

सिमचा घ्या. नुसता वायफायचा दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळतो, आणि वादळात राउटर गेला की पाटी होऊन बसतो. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये. दोन्ही वेळा किती गावांत किती दिवस वीज नव्हती ते आपण विसरलेलो नाही. सिमसुद्धा प्लास्टिकचं लागणारा बरा. आपल्याकडे एका कंपनीची रेंज वाडीत आहे तर दुसऱ्याची घाटीवर, कार्ड काढून दुसरं घालून बघता यायला हवं. २०२४ चा आयपॅड मिनी देखणा आहे, ८.३ इंची, २९३ ग्रॅम, पण त्याच्या सिमच्या आवृत्तीत फक्त ई-सिम, म्हणजे कार्डाशिवायचं सिम, चालतं, आणि आयपॅडवरून साधा फोन लावता येत नाही. वायफायच्या आयपॅडात जीपीएसही नसतं. तुमच्या कामाला त्याचे पैसे देण्यात मला अर्थ दिसत नाही.

यूपीआय फोनवरच ठेवा. ते खात्याच्या नंबरचं सिम त्याच यंत्रात मागतं, एसएमएस पाठवून खात्री करतं. व्हॉट्सॲप मात्र टॅबवर जोडयंत्र म्हणून चालतं. फोनवरचं खातं तसंच राहतं, टॅबवर क्यूआर दाखवून जोडलं की झालं. फोन बंद पडला तरी १४ दिवसांपर्यंत टॅबवर संदेश येत राहतात. पाहुण्यांची चौकशी बायको टॅबवरून घेईल, तुम्ही बागेत असाल. खरं तर टॅबसाठी माझं सगळ्यात मोठं कारण हेच आहे: फोन एकाचा असतो, टॅब घराचा.

रॅम ४ जीबीपेक्षा कमी नको. मुंबईतल्या नातवाला गेम खेळायला देणार असाल तर ६ घ्या. कॅमेऱ्याकडे बघू नका.

काउंटरवर चोवीस तास चार्जरला लावून ठेवू नका. टॅबात माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच: मागचं झाकण उचललेलं, आत बॅटरी पोळीसारखी फुगलेली. होमस्टेवाल्यांचे, दुकानवाल्यांचे टॅब यातच जातात. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर रात्री वायर काढा. फुगलेली बॅटरी दाबून झाकण बसवायचा प्रयत्न कुणी केला तर त्याला माझं नाव सांगून ओरडा.

होडीवर न्यायचाच असेल, म्हणजे दाभोळ खाडीत पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला जाता आणि यादी सोबत हवी, तर आयपी६८ चे दणकट टॅब वेगळे मिळतात. सॅमसंगचा टॅब ॲक्टिव्ह ५ तसा आहे: आठ इंची, बॅटरी हातानं काढता येते. पण तो मुख्यतः कंपन्यांच्या कामासाठी बनवलेला आणि त्यामानानं महाग. मी तुमच्या जागी असतो तर बंद तोंडाची प्लास्टिकची पिशवी आणि कागदाची वही नेली असती. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडालेच तर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यानं त्याच दिवशी पुसा. वाळू असेल तर आधी ब्रशनं झाडा, मग पुसा. ही अक्कल मला मांडवीनं दिली.

घडीचा फोन कुणी घ्यावा? रत्नागिरीत एक वकील आहेत, आठवड्याला दोनदा रेल्वेनं मुंबई. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात रेंज जाते तेवढा वेळसुद्धा ते आधी उतरवून ठेवलेले कागद वाचत असतात. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फोन, बसायला कधी खिडकी तर कधी दार. त्यांना टॅब काढायला जागा नसते आणि समुद्राकडे जायला सवड नसते. त्यांच्या हातात घडीचा फोन शोभतो आणि टिकतो. दोन वर्षं झाली, माझ्याकडे फक्त कव्हर बदलायला आले.

मोठा फोन कुणी घ्यावा? ज्याला एकच यंत्र परवडतं आणि जो वाचण्यापेक्षा बघतो जास्त, त्यानं. बोटीवरच्या पोरांना मी तोच सांगतो: बॅटरी मोठी, पडदा उन्हात दिसतो, फुटला तर रत्नागिरीतच बदलून मिळतो.

दुकानात जाताना तुमचाच सातबारा आणि एक महिन्याचं बँक स्टेटमेंट सोबत न्या, पीडीएफमध्ये. दुकानदार त्याच्या टॅबवर चमचमीत व्हिडिओ लावून दाखवेल. तो बंद करायला सांगा, तुमचे कागद उघडा, नेहमीचा चष्मा लावून हातभर अंतरावर धरून वाचा. मग दुकानाच्या पायरीवर उन्हात उभे राहून तेच पुन्हा. बायकोलाही सोबत न्या, निम्मा वापर तिचा आहे.

आणि जुन्या फोनच्या बॅटरीसाठी याल तेव्हा पोर्टही साफ करून देतो. तोवर टाचणीनं कोरू नका.